शेऱ्याचा रकाना

माझ्या नोकरीची सुरुवात धरणावर झाली. रोज सकाळी आठ वाजता पाण्याची पातळी वाचायची आणि रजिस्टरात उतरवायची. तारीख, वेळ, पातळी, पाऊस आणि अगदी उजवीकडे शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक दिवशी 'निरंक' असायचं. पुढे नागपूरच्या ऑफिसात आलो, टेबलं बदलली, बढत्या झाल्या. पण आकडा लिहून ठेवला की गोष्ट आपल्या ताब्यात आली, असं वाटण्याची त्या रजिस्टराने लावलेली खोड काही गेली नाही.

त्यामुळे २०२२ च्या एप्रिलमध्ये धाकट्याची झोप उडाली तेव्हा मी स्टेशनरीच्या दुकानातून एक लांबट रजिस्टर आणलं आणि रकाने आखले.

खरं म्हणजे ते रजिस्टर चार दिवस उशिरा आलं. पहिले दोन दिवस मला त्याचा अभिमान वाटत होता. तो सतरा वर्षांचा, बारावीतला. रात्रभर जागून वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाचा नवा आराखडा काढत होता. गोसीखुर्द धरणाचं पाणी बुलढाण्यापर्यंत न्यायचं, पण सरकारने ठरवलेल्या मार्गाने नाही, त्याच्या मार्गाने. चाळीस पानं झाली होती. बापाच्या खात्यातला विषय पोराने हातात घेतला म्हटल्यावर मी ऑफिसात दोघा-तिघांना सांगूनही आलो. तिसऱ्या रात्री साडेतीनला गच्चीवर कसला तरी आवाज आला म्हणून गेलो, तर हा कूलर उघडून खस बदलत होता आणि मुख्यमंत्र्यांची भेट सकाळी ठरली आहे, असं सांगत होता. डोळे इतके चमकत होते की मला त्यांच्याकडे बघवेना. बायको मागून आली आणि एवढंच म्हणाली, "अहो, हा पोट्टा तीन दिवसांपासून झोपलाच नाही ना. तुम्ही काय पाहून राह्यले होते?"

धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. धंतोलीत दवाखाने इतके आहेत की गाडी लावायला जागा मिळाली तरी निम्मा आजार बरा झाल्यासारखा वाटतो. डॉक्टर मला फार आवडले. माझ्याशी एका अधिकाऱ्याने दुसऱ्याशी बोलावं तसं बोलले. किती दिवस, झोप किती, घराण्यात कोणाला होतं का. मी भराभर उत्तरं दिली. धाकटा माझ्या शेजारी बसला होता. त्याने मध्येच विचारलं, "मला झालंय काय?" डॉक्टरांनी उत्तर दिलं, पण माझ्याकडे बघून दिलं: "गोळ्या लिहून देतो, पंधरा दिवसांनी आणा."

'आणा' म्हणाले. हे तेव्हा माझ्या कानाला खटकलं नाही, त्याच्या मात्र खटकलं. गोळ्यांनी झोप आली, मुख्यमंत्र्यांची भेट मागे पडली, पण पंधरा दिवसांनी तो पायात चप्पल घालायला तयार होईना. "ते तुमचे डॉक्टर आहेत," म्हणाला. मला ते आजाराचं लक्षण वाटलं. रजिस्टरात शेरा मारला: 'उपचारास नकार. हट्ट.'

रामदासपेठेतल्या मॅडम मिळेपर्यंत जून उजाडला. वयाने चाळिशीच्या, बोलणं सावकाश. पहिल्याच दिवशी त्यांनी क्रम सांगितला: आधी तो एकटा, मग आपण सगळे. त्याच्या समोर आजाराचं नाव घेतलं, बायपोलर: मन कधी फार वर, कधी फार खाली. कागदावर एक वर-खाली जाणारी रेघ काढून दाखवली. ती रेघ बघून मला आमच्या जलाशयाच्या पातळीचा आलेख आठवला आणि उगाच बरं वाटलं. लिथियमची गोळी सुरू झाली. सहीची जागा आली की कागद माझ्याकडे सरकायचा, कारण अठरा वर्षांच्या आतल्या पेशंटसाठी कायद्याने पालकच प्रतिनिधी असतो. सहा महिने मी त्या खोलीत हक्काने बसलो.

डिसेंबरात तो अठरा वर्षांचा झाला. जानेवारीत "चौदा नंबर" अशी हाक आली, आम्ही दोघं उठलो, आणि मॅडम दारातच म्हणाल्या, "काका, आज तो एकटा येईल."

त्या दाराबाहेरच्या खुर्चीवर मी किती तास काढले याची नोंद मात्र माझ्याकडे नाही. जोडलेल्या तीन स्टीलच्या खुर्च्या, मधलीचा एक नट ढिला. समोर चपलांचा ढीग. औषध कंपन्यांचे पोरं टाय लावून, बॅगा मांडीवर घेऊन बसलेले. भंडाऱ्याहून, वर्ध्याहून आलेले आई-बाप, पिशवीत पोळीभाजीचा डबा, हातात फायलींचं बाड. कोणी कोणाकडे बघत नाही, पण प्रत्येकाला माहीत असतं की समोरचा इथे काहून बसला आहे. एकदा आतून हसण्याचा आवाज आला. धाकटा हसत होता. घरी सहा महिन्यांत मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं. बापाला आनंद व्हायला पाहिजे की नाही? मला राग आला. जे माझ्या घरात होत नाही ते सहाशे रुपये फी घेऊन त्या दाराआड होतं, आणि मला कोणी सांगतही नाही की विनोद काय होता.

सरकारी नोकर चिडला की कायदा काढून वाचतो. मीही वाचला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७; अंमल २९ मे २०१८ पासून. कलम २३ गोपनीयतेचं. पेशंटने डॉक्टरांना सांगितलेलं बाहेर जाणार नाही. अपवाद आहेत, त्यात कोणाच्या जिवाला धोका असेल तो एक, आणि पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने नेमलेल्या माणसाला, त्याचं काम करता यावं म्हणून द्यायची माहिती हा दुसरा. मी तो कागद छापून, दोन ओळी पिवळ्या करून मॅडमकडे गेलो. भांडायचीच तयारी होती.

मॅडमनी कागद वाचला. म्हणाल्या, "काका, हे कलम मला बोलण्यापासून अडवतं. ऐकण्यापासून कुठे अडवतं? तुम्ही घरी जे बघता ते मला हवंच आहे. तो माझ्यासमोर महिन्यातून अर्धा तास असतो, तुमच्यासमोर बाकीचा सगळा वेळ. फक्त एक अट. तुम्ही जे कळवाल, ते तुम्ही कळवलंय हे मी त्याला सांगणार. त्याच्या पाठीमागे आपलं काही चालणार नाही."

एवढी साधी गोष्ट मला सात-आठ महिन्यांत कोणी सांगितली नव्हती, आणि मलाही सुचली नव्हती. खुर्चीवर बसून मी एकच विचार करत होतो, आत काय बोलतात. माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे, हा प्रश्नच पडला नव्हता. नंतर त्याच खुर्चीवर शेजारी बसणाऱ्यांना मी हे सांगत आलो आहे, की डॉक्टर म्हणतील 'मी सांगू शकत नाही', तिथे वाद घालत बसू नका, तुम्ही सांगा. काही डॉक्टर तेही ऐकून घेत नाहीत. त्यांच्याबद्दल मला फारसं चांगलं बोलता येत नाही, तेव्हा राहू द्या.

अट मात्र मी नुसती मान हलवून ऐकली होती. त्या रात्रीच रजिस्टराच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवून दिले. पुढच्या भेटीत मॅडमनी ते त्याला सांगितलं. दारातून बाहेर आला तो माझ्याशी बोलला नाही, मेट्रोतही नाही, घरी आल्यावरही नाही. संध्याकाळी म्हणाला, "ते रजिस्टर दाखवा." पलंगावर मांडी घालून त्याने ते पहिल्या पानापासून वाचून काढलं. मी दारात उभा. दीडेक तास. मग मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाबा, एवढं लिहिलं. विचारलं एकदाही नाही."

नंतरच्या भेटीत मॅडमनी मला पाच मिनिटं आत बोलावलं, त्याच्या समोरच. टेबलावर माझ्या पानांच्या प्रती. झोपेच्या तासांच्या रकान्यावर त्यांनी पेनाने बरोबरची खूण केली होती. "हे फार कामाचं आहे, यावरून मी डोस ठरवते." मग पेन उजवीकडे सरकलं. शेरे: 'पुन्हा चिडचिड.' 'आईशी उर्मट.' 'आंघोळ नाही.' 'दुपारी दोनपर्यंत लोळत. मुद्दाम.'

"काका, हे 'मुद्दाम' तुम्ही कसं मोजलं?"

मला उत्तर आलं नाही.

"आकडे लिहा," त्या म्हणाल्या. "शेरा लिहू नका."

त्यांच्याकडच्या कौन्सेलरने नंतर मला याच्या मागची गोष्ट सांगितली. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने इस्पितळातून घरी सोडलेल्या पेशंटांचा माग काढला. घरच्यांकडे परतलेले काहीजण घरच्यांपासून वेगळे, भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. कारण शोधता शोधता त्याच्या हाती लागलं ते घरातलं बोलणं: टोमणे, वैरभाव, आणि जीव गुदमरेल इतकी काळजी. या तिन्हींचं मोजमाप करायची पद्धत पुढे बसवली गेली, आणि भारतातही, चंदीगडला, ती लावून पाहिली गेली. मी ऐकत होतो आणि माझे कान तापत होते. म्हणजे शेवटी दोष आमचाच. जुन्या काळी तर सरळ आईवरच खापर फोडायचे; १९४८ मध्ये अमेरिकेत एका नामवंत मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनिया घडवणारी आई असा शब्दच काढला होता आणि पुढची कित्येक वर्षं किती आयांनी तो खाली मान घालून ऐकला असेल. कौन्सेलर तरुण मुलगी होती, आमच्या मोठ्या मुलीच्या वयाची. माझा चेहरा बघून म्हणाली, "काका, यात आजार घरच्यांमुळे होतो असं नाहीये. तो झाल्यावर घरात कसं बोललं जातं त्याने फरक पडतो, एवढंच." एवढंच! मी तिच्यावर आठवडाभर मनातल्या मनात चिडून होतो. त्या आठवड्यात आमच्या घरात किती वाक्यं 'काहून'ने सुरू होतात ते मोजलं. काहून उठला नाही, काहून जेवला नाही, काहून फोन घेऊन बसला. आकडा इथे लिहीत नाही.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र तिनेच सांगितली, ती मला आवडली. १९५० च्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर होते. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि पेशंटांच्या नातेवाइकांना तिथेच राहायला बोलावलं. गर्दी होती, जागा नव्हती, हे कारण होतंच. पण नातेवाइकांना बघू दिलं, की आजार कसा वाढतो आणि कसा उतरतो. आई-बाप तंबूत स्वयंपाक करायचे, डॉक्टर त्यांच्याशी बसून बोलायचे, आणि पेशंट बरा झाला की घेऊन जायचे. माझ्या डोळ्यांसमोर ते तंबू येतात तेव्हा मला ती ढिल्या नटची खुर्ची आठवते. आपण त्या तंबूतून निघून या खुर्चीवर कसे येऊन बसलो, कोणास ठाऊक.

राज्यात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: पुणे, ठाणे, रत्नागिरी आणि आपलं नागपूर. आमच्या लहानपणी त्याला पागलखाना म्हणायचे आणि खोडकर पोरांना त्याची भीती घालायचे. पण या शहराला पागलखान्याची दुसरीही आठवण आहे. सूफी संत ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये इथल्याच पागलखान्यात ठेवलं होतं. सोळा वर्षं. लोक दर्शनाला तिथेच जायचे. १९०८ मध्ये रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर काढून आपल्याकडे नेलं. ज्याला शहराने वेडा ठरवून आत टाकलं, त्याच्याच दर्ग्यावर शहर आज आपली दुखणी घेऊन जातं. आमच्या शेजारच्या काकूंनी ताजबागहून आणलेला धागा बायकोने धाकट्याच्या दंडाला बांधला होता. मॅडमच्या नजरेला पडला तेव्हा ती ओशाळली. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या ना. गोळीसोबत चालतो." एवढ्या एका वाक्यावर बायकोचा मॅडमवर जो विश्वास बसला तो माझ्या सगळ्या कलमांनी बसला नसता.

मॅडमचीही चूक झाली. ती सांगायला हवी, कारण त्यानंतरच आमचं नातं खऱ्या अर्थाने जमलं.

२०२४ चा मे. ३० तारखेला नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी देशभर फिरली. पुढे हवामान खात्याने सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता; शहरात बाकी ठिकाणी ४४ च्या आसपास होतं. तेही काही कमी नाही. त्याच्या आठवडाभर आधी धाकट्याची दाढ दुखायला लागली. मी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस, मी स्वतः पाण्याचा पेला हातात देऊन दिल्या. त्याचं संध्याकाळचं क्रिकेट चालूच होतं, घामाने शर्ट पिळून निघायचा. चौथ्या दिवशी जुलाब. पाचव्या दिवशी चहाचा कप बशीत वाजायला लागला. हात थरथरत होते. उठून चालला तर भिंतीचा आधार घेत.

क्लिनिकला फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "पेशंट अठराच्या वर आहे ना सर? त्यांनाच बोलायला सांगा." मी म्हटलं, त्याची जीभ जड झाली आहे, तो काय बोलेल? "मॅडम ओपीडीत आहेत." त्या दिवशी मी फोनवर जे बोललो ते रजिस्टरात नाही आणि इथेही नको. बायकोने सरळ रिक्षा केली.

रक्त तपासलं. लिथियम साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान असायला हवं, ते १.७ निघालं. गोळी बंद, एक रात्र सलाइनवर. सकाळी मॅडम आल्या आणि विचारलं, दुसरं काही औषध चालू होतं का? मी दाढेच्या गोळ्यांचं पाकीट खिशातून काढलं. त्यांनी ते बघितलं आणि डोळे मिटले. त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं. वरून घाम, जुलाब, अंगातलं पाणी आणि मीठ गेलेलं. सगळं एकत्र आलं.

"मी त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"मला नाही सांगितलं."

तो पलंगावर पडून ऐकत होता. म्हणाला, "सांगितलं असेल. माझ्या लक्षात नाही राहिलं."

मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काका, त्याने मला काय सांगितलं ते त्याचं आहे. पण गोळी कशी घ्यायची, उन्हाळ्यात पाणी किती, दुखलं तर कोणती गोळी चालत नाही, यात गुपित काहीच नव्हतं. त्याला विचारून तुम्हाला आत बोलवायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. माझं चुकलं."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एखाद्या वरिष्ठाने 'माझं चुकलं' म्हटलेलं मला आठवत नाही. मी भांडण मनात तयार ठेवलं होतं, ते तसंच राहून गेलं. आणि गोळ्या देणारा हात माझाच होता, हेही होतंच.

तेव्हापासून दर भेटीची शेवटची पाच मिनिटं आमची. त्याने 'हो' म्हटलं तर. दोनदा तो 'नाही' म्हणाला, त्या दोन्ही वेळा मी बाहेरच बसलो. फ्रिजवर मॅडमच्या अक्षरातला कागद आहे: न चालणाऱ्या गोळ्या; हात थरथरले, जुलाब झाले, तोल गेला तर काय करायचं; रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. खाली १४४१६, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. रात्री मॅडमचा फोन बंद असतो. पूर्वी याचाही राग यायचा. एकदा रात्री दोनला, तो खोलीत येरझारा घालत होता तेव्हा, मी तो नंबर लावला. पलीकडच्या माणसाने आधी मलाच विचारलं, तुम्ही जेवलात का? मी गॅलरीत उभा राहून बराच वेळ बोललो. धाकटा नंतर झोपला. त्याची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, एवढंच कारण होतं. माझाही सेन्सर कधी कधी ५६ दाखवतो.

गेल्या हिवाळ्यात मॅडमनी नामनिर्देशित प्रतिनिधीचा विषय काढला. पुन्हा कधी तब्येत बिघडली तर कोणाशी बोलायचं, कोणाला माहिती द्यायची, हे बरा असतानाच त्याने ठरवून ठेवावं. साध्या कागदावर लिहून सही केली तरी कायद्याला चालतं. मी सरळ होऊन बसलो. माझं नाव येणार यात मला शंका नव्हती. कलम तर मीच आधी वाचलं होतं.

कागद कोणाकडेच नव्हता. माझ्या पिशवीत जुनं रजिस्टर होतं, त्यातलं मागचं एक कोरं पान फाडून दिलं. आखलेलं होतं, शेऱ्यासकट. त्याने ते गुडघ्यावर ठेवून रकाने न बघता आडवं लिहायला सुरुवात केली. मी मान वळवली होती, पण वाचायचं ते वाचलंच. ताईचं नाव. मोठी पुण्याला असते.

बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला. मॅडम काही बोलल्या नाहीत. रिसेप्शनवरच्या त्याच मुलीने कागद घेतला, फायलीला लावता लावता म्हणाली, "ताईंचा फोन नाही लागला तर? अजून एक नंबर देऊन ठेवा."

त्याने कागद परत घेतला. खाली जागा उरली नव्हती. अगदी उजवीकडे, शेऱ्याच्या रकान्यात, त्याने उभे आकडे मांडले. दहाच्या दहा, मला न विचारता.